बकरी ज्याला तोंड लावत नाही

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून उघडतात. ऊन उतरल्याशिवाय पोरांना वर्गात कोंडण्यात अर्थ नसतो, म्हणून जूनचा शेवटचा आठवडा उजाडावा लागतो. तोवर एखाद-दोन पाऊस पडून गेलेले असतात. वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या जिल्हा परिषद शाळेत त्या सुमाराला गेले, तर उन्हाळाभर भकास पडलेले आवार हिरवे झालेले दिसते. मुख्याध्यापकांना बरे वाटते, पालकांना बरे वाटते, आणि तालुक्याहून आलेले साहेबही भेटवहीत दोन चांगले शब्द लिहून जातात.

हा हिरवा रंग नेमका कशाचा आहे, हे मात्र सहसा कोणी वाकून पाहत नाही. आपण पाहू. रस्त्याच्या बाजूने चंद्रज्योतीचे कुंपण. नालीच्या कडेला बेशरम. मागच्या भिंतीशी, जिथे पोरे लघवीला जातात, तिथे एरंड आणि धोतरा. फाटकाजवळ पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे आपल्या बिट्टीची, दोन झाडे. कोपऱ्यात रुई. आणि मैदानाच्या कडेने, पाण्याच्या टाकीपासून थेट झेंड्याच्या ओट्यापर्यंत, गाजरगवत. प्रत्येक शाळेत ही सगळी मंडळी एकत्र सापडतील असे नाही. पण यातली तीन-चारही नाहीत अशी खेड्यातली शाळा मी अजून पाहिलेली नाही.

या सगळ्यांत समान धागा एकच आहे. धडधाकट, पोट भरलेली बकरी यांच्यापैकी कशालाच तोंड लावत नाही.

झाडे लावायचा उत्साह आपल्याकडे कमी नाही. दर पावसाळ्यात खड्डे खणले जातात, पाहुणे येतात, रोप हातात धरून फोटो निघतात. आवळा लागतो, कडुलिंब लागतो, कधी जांभूळ लागते. पुढे दिवाळीच्या सुट्ट्या येतात, उन्हाळा येतो. फाटकाची कडी तुटलेली असते, भिंतीला भगदाड असते, आणि गावातली बकरी रोज एक फेरी मारून जाते. आवळा जातो, जांभूळ जाते. मागे उरते ते फक्त तिला नको असलेले. म्हणजे शाळेच्या आवारात कुठली झाडे राहायची, याची निवड वनखाते करीत नाही आणि मुख्याध्यापकही करीत नाहीत. ती बकरी करते. तिच्या पसंतीला न उतरलेली झाडे बहुतेक विषारी, चिकाळ किंवा कडूजहर असतात. 'ओसाड गावी एरंड बळी' ही म्हण आपण माणसांना उद्देशून वापरतो. शाळेच्या आवारात तिचा अक्षरशः अर्थ घ्यावा लागतो.

(जाता जाता एक गंमत. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. वत्स ऋषींच्या कथेशी हे नाव जोडले जाते, पण संस्कृतात गुल्म म्हणजे झुडपांचा पुंजका असाही अर्थ आहे. झुडपांशी या गावाचे नाते तसे जुनेच म्हणायचे.)

चंद्रज्योतीशी माझी ओळख तिसरीत असताना झाली. त्या वेळी आमचा भाग अकोला जिल्ह्यातच होता. वाशीमचा वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. शाळेचे कुंपण चंद्रज्योतीचेच होते आणि ते आमचे खेळणे होते. तिची कोवळी काडी मोडली की पाण्यासारखा चीक येतो. काडीचे टोक वाकवून त्याचे कडे करायचे, कड्यात चिकाचा पापुद्रा धरायचा आणि हळूच फुंकर घालायची. साबणाच्या पाण्यासारखे रंगीत फुगे निघत. साबण महाग होता, चंद्रज्योत फुकट होती. त्या चिकाचे डाग सदऱ्यावर पडत आणि घरी मार बसे, तेवढीच तिची बदनामी.

एका दुपारी कोणीतरी शोध लावला की वाळलेल्या फळातली काळी बी फोडली तर आत पांढरा गर असतो, आणि तो गोड लागतो. खरेच गोड लागतो. ओल्या शेंगदाण्यासारखा, किंचित बदामाकडे झुकणारा. आम्ही पाच जण होतो. कोणी दोन खाल्ल्या, कोणी दहा. तासाभराने पाढे म्हणताना पहिला पोरगा ओकला. मग दुसरा. गुरुजींना आधी वाटले, पोरे उन्हात खेळली. तिसरा ओकल्यावर ते जवळ आले.

"काय खाल्लं रे पोट्टेहो?"

"काही नाही गुर्जी. शेंगदाने."

"कोठचे शेंगदाने?"

त्यावर एकाने कुंपणाकडे बोट दाखवले. गुरुजींचा चेहरा कसा झाला तो मला आजही दिसतो. बैलगाडी जुंपून आम्हाला दवाखान्यात नेले. वाटेभर उलट्या, पोटात पीळ, घशात आग, मग जुलाब. रात्रभर सलाईन लागले. सकाळी पाचही जण चहा-पाव मागत होतो. आमच्या माय मात्र महिनाभर त्या कुंपणाला शिव्या देत होत्या. कुंपण तसेच राहिले, कारण ते काढले असते तर ढोरे आत आली असती.

हा प्रसंग एवढ्या वर्षांनी सांगायचे कारण असे, की तो जुना झालेला नाही. चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्याने शाळकरी मुलांना विषबाधा, ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांत पुनःपुन्हा येते. गावाचे नाव बदलते आणि पोरांचा आकडा बदलतो. बाकी मजकूर तोच असतो: मधल्या सुट्टीत बिया खाल्ल्या, उलट्या सुरू झाल्या, रुग्णालयात हलविले, प्रकृती स्थिर. बातमी वाचून आपण पान उलटतो.

हे झाड मूळचे आपले नाही. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. पोर्तुगीजांबरोबर ते जगभर फिरले आणि आपल्याकडे मोगली एरंड, रानएरंड, चंद्रज्योत अशा नावांनी रुळले. शेतकऱ्याला ते आवडले, यात नवल नाही. फांदी धुऱ्यावर खोचली की जगते, पाणी मागत नाही, ढोर खात नाही. नंतर सरकारलाही ते आवडले. बियांत तिसरा हिस्सा तेल, त्याचे डिझेल होते. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर याची मोठ्या प्रमाणावर लागवड करावी असे सुचविले. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनीही या कल्पनेचा हिरिरीने पुरस्कार केला. देशभर रोपे लागली. पडीक जमिनीवर सांगितले तेवढे पीक काही आले नाही. डिझेलचे स्वप्न विरले, झाडे राहिली. पुष्कळ ठिकाणी ती रस्त्याकडेला, गावठाणात आणि शाळांच्या कडेनेच राहिली, आणि त्यांच्या बियांचे काय करायचे हे कोणी सांगितले नाही. ते पोरांनी आपापले ठरवले.

तिच्या बियांतले विष दोन प्रकारचे आहे. एक कर्सिन नावाचे प्रथिन, ते उष्णतेने निकामी होते. दुसरी फॉर्बॉल एस्टर नावाची द्रव्ये, ती उष्णतेला दाद देत नाहीत. म्हणून 'भाजून खाल्ले तर चालते' ही जी पोरांत चालणारी विद्या आहे, ती खोटी आहे. गंमत अशी की मेक्सिकोच्या काही भागांत चंद्रज्योतीची एक बिनविषारी जात आहे आणि तिथले लोक तिच्या बिया भाजून आवडीने खातात. दिसायला दोन्ही सारख्याच. चव चांगली म्हणजे वस्तू चांगली, हा आपला ठोकताळा या बीपुढे साफ हरतो. कडू असती तर एकाही पोराने दुसरी बी तोंडात टाकली नसती.

तरीही चंद्रज्योत एका अर्थाने प्रामाणिक आहे. ती लवकर बोलते. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी जाते, ते वेळेवर भरून दिले की बहुतेक मुले दिवसा-दोन दिवसांत घरी येतात. बिट्टीचे तसे नाही.

बिट्टी आपल्या अंगणातली, देवाला पिवळी फुले देणारी. तिच्या हिरव्या, तिकोनी फळातली टणक आठळी मुली खेळायला घेतात. बिट्ट्या म्हणूनच तो खेळ ओळखला जातो. नुसते हाताळून काही होत नाही. पण आठळी फोडून आतला गर खाल्ला तर त्यातले विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जाते. डॉक्टर हृदयविकारावर डिजॉक्सिन देतात, त्याच जातकुळीचे ते द्रव्य आहे. सुरुवातीला थोडी मळमळ, एखादी उलटी. मूल जरा मलूल दिसते, एवढेच. घरचे म्हणतात, झोपू द्या, सकाळी बघू. इथे सकाळची वाट पाहायची नसते. पांढरी-गुलाबी कण्हेर हीसुद्धा याच घरची. तिची तर पाने, फुले, काड्या, सगळेच विषारी. एक फरक पालकांनी ध्यानात ठेवावा: चंद्रज्योत खाल्लेले पोर फार आजारी दिसते आणि बहुधा सावरते, बिट्टी खाल्लेले पोर बरे दिसत असतानाच धोक्यात असू शकते.

गुंजेचा मामला तर आणखी निराळा. लालभडक, डोळ्याएवढा काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे गणित आपल्या आजोबांना पाठ होते. सोनाराच्या तागडीत गुंज होती, कारण तिचे वजन सहसा चुकत नाही. तिचे कवच इतके टणक की अख्खी गिळली गेली तर पुष्कळदा तशीच बाहेर पडते. पण चावून फुटलेली किंवा सुईने भोक पाडलेली गुंज म्हणजे उघडे विष. आणि भोक आपणच पाडतो, माळा करायला! कार्यानुभवाच्या तासाला पणतीवर गुंजा चिकटवल्या जातात, बालवाडीत मोजायला चिंचोक्यांबरोबर गुंजा येतात. चिंचोके खुशाल द्यावेत. गुंजा देऊ नयेत. एरंडाच्या नक्षीदार बियांनाही हेच लागू. तेल औषधी, म्हणून बी औषधी, असे नाही.

या 'औषधी' शब्दावरून एक तक्रार करायची आहे. हल्ली बऱ्याच शाळांत औषधी वनस्पतींची बाग असते. झाडाशेजारी पत्र्याची पाटी असते. तिच्यावर नाव, आणि खाली 'उपयोग : दमा, संधिवात, त्वचारोग.' धोतऱ्याच्या पाटीवर हेच, रुईच्या पाटीवर हेच, कण्हेरीच्याही पाटीवर हेच. वाचणारे पोर आठ वर्षांचे असते. औषध म्हणजे खायची वस्तू, एवढे त्याला माहीत असते. धोतऱ्याच्या दोन-चार बियांनी तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते, पोर नसलेल्या गोष्टी पाहू लागते. हे त्या पाटीवर एका ओळीत लिहिता आले असते. रुईची पाने शनिवारी मारुतीला वाहायला पोरेच तोडून आणतात. तो पांढरा चीक बोटाला लागून बोट डोळ्यात गेले तर डोळ्याच्या काळ्या भागाला इजा होते आणि दिसायला धूसर होते. मारुतीला रुई जरूर वाहावी, पण पाने मोठ्या माणसाने तोडावीत आणि हात धुवावेत.

आतापर्यंत सांगितली ती पोटात आणि डोळ्यात जाणारी विषे. दुसरा प्रकार अंगावर येणारा. तो समजायला वऱ्हाडातल्या माणसाला डॉक्टरची गरज नाही, कारण त्याला बिबा माहीत असतो. बिबा फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात पाहावेत. एकीला बिब्याचा नुसता वारा लागला तरी अंग सुजते, दुसरी जन्मभर बिबे फोडते आणि तिला क्वचितच काही होते. 'मला बिबा उततो' असे आपण म्हणतो. ॲलर्जी म्हणजे काय, हे याहून चांगल्या शब्दांत सांगता येणार नाही. वस्तू एकच, पण ती ज्याला उतते त्यालाच उतते. आणि एकदा उतू लागली की पुढच्या वेळी थोड्यानेही उतते.

गाजरगवत असेच उतते. आपल्याकडे ते पुण्यात प्रथम ठळकपणे नजरेस आले आणि १९५६ साली त्याची शास्त्रीय नोंद छापली गेली. अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून ते आले, असे सर्रास सांगितले जाते. तो करार आपल्याशी झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हा तारखा काही नीट जुळत नाहीत. मात्र अमेरिकेचा गहू १९५१ च्या टंचाईतही आला होता. कसेही आले असो, पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळे लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटले आणि ते खेडोपाडी पोचले. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात. त्यातले पार्थेनिन हे द्रव्य कातडीवर खाज, पुरळ, लाली आणते. परागकण नाकात गेले तर शिंका, आणि दमेकऱ्याला धाप. हा त्रास मोठ्यांत अधिक दिसतो. पण ज्या मुलांना आधीच दमा किंवा इसब आहे त्यांना तो लवकर पकडतो.

आणि आपण काय करतो? १५ ऑगस्ट जवळ आला की मैदान साफ करायचे असते. श्रमदान म्हणून चौथी-पाचवीची पोरे रांगेत लावतो आणि उघड्या हातांनी गाजरगवत उपटायला सांगतो. त्याच वेळी ते ऐन फुलोऱ्यात असते. उपटलेल्या गवताचा ढीग मैदानातच वाळतो, आणि वारा सुटला की त्याची धूळ वर्गात येते. ज्या पोराच्या अंगावर रात्री पुरळ उठते त्याला घरी गोवर समजून कडुलिंबाच्या पाल्यावर निजवतात. मुलांनी श्रमदान करू नये असे मी म्हणणार नाही. पण गाजरगवत हे मोठ्यांचे काम आहे. पावसाने जमीन ओली असताना, फूल येण्याआधी, हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून ते मुळासकट काढायचे असते. फूल आलेले नसेल तर त्याचे खतही होते. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेतर्फे १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृतीचा सप्ताह पाळला जातो. आपल्या शाळांनी तो जुलैत, फुलाआधीच पाळलेला बरा.

गाजरगवतावर पिवळसर, काळ्या रेघांचे बारके भुंगेरे बसलेले दिसले तर त्यांना मारू नये, हेही पोरांना सांगावे. ते मेक्सिकोतून मुद्दाम आणून १९८४ साली बंगलोरला सोडलेले किडे, आणि आता देशात पुष्कळ ठिकाणी पसरले आहेत. पावसाळ्यात ते या गवताची पाने फस्त करतात. पाऊस सरला की जमिनीत जातात, आणि गवत पुन्हा डोके काढते. तेव्हा सगळा भार त्यांच्यावर टाकून चालत नाही. आपला तरोटा त्यांच्या मदतीला आहे. हो, तोच, पहिल्या पावसाच्या कोवळ्या पानांची आपण भाजी करतो तो. त्याच्या बिया हिवाळ्यात वेचून ठेवून पावसाच्या तोंडावर कुंपणाच्या कडेने फेकल्या, तर तो दाट उगवतो आणि गाजरगवताला जागाच देत नाही. खर्च शून्य.

मग चंद्रज्योत तोडायची का? भिंत असेल तर तोडावी. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातच शाळेला भिंत किंवा कुंपण असावे असे लिहिले आहे, ती मागायला संकोच नको. पण भिंत येईपर्यंत कुंपण उघडे टाकता येत नाही, हे आमच्या गुरुजींना कळत होते आणि मलाही कळते. मला वाटते, बकरीशी भांडण्यापेक्षा तिच्याच पसंतीचा उपयोग करून घ्यावा. ती खात नाही आणि पोर मात्र खाऊ शकते अशी झाडे आपल्याकडे आहेत. सीताफळ घ्या. त्याच्या पानाला बकरी सहसा तोंड लावत नाही. म्हणून तर आपल्या डोंगरउतारांवर इतके सगळे चरून गेले तरी सीताफळ टिकून आहे. करवंदाची जाळी आहे. काटेच असे की आत शिरायची हिंमत होत नाही. पोरांना मधल्या सुट्टीत काहीतरी तोडून खायचे असते, ही त्यांची खोड नाही, तो त्यांचा हक्क आहे. आमच्या आधीच्या पिढीला बोरे होती, टेंभरे होती, शिंदीची फळे होती. आवारातून ती सगळी गेली आणि खाण्याजोगी दिसणारी एकच वस्तू उरली, चंद्रज्योतीची बी. (सीताफळाचा गर खावा, बी थुंकावी. बियांची पूड उवांवर लावायची खोड घराघरांत आहे. ती डोळ्यात गेली तर डोळा जायची वेळ येते.)

आणि इतके करूनही एखाद्या दुपारी कोणी ओकलेच, तर? तोंडातले उरलेले काढून चूळ भरायला लावावी. मिठाचे पाणी पाजून, घशात बोटे घालून उलटी करवू नये. मिठाचे पाणी लहान मुलाला स्वतःच विष ठरू शकते. तेल, तूप, ताक यांचे प्रयोग नकोत. कोणी काय आणि किती खाल्ले हे न रागावता विचारावे, कारण रागावले की उत्तर 'शेंगदाने' असेच येते. ज्याने खाल्ले पण ओकलेला नाही, त्यालाही सोबत न्यावे. आणि त्या झाडाची फांदी, फळ, बी पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावी; चंद्रज्योत की बिट्टी, यावर पुढचे सगळे उपचार ठरतात. १०८ ला फोन करावा. डॉक्टरांना शंका असेल तर दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालू आहे, ते फोनवर सल्ला देते.

आमच्या त्या शाळेला आता सिमेंटची भिंत झाली आहे. मागच्या वर्षी पोळ्याला गावी गेलो तेव्हा मुद्दाम जाऊन आलो. आतल्या बाजूने चंद्रज्योतीची दोन जुनी खोडे अजून होती, घोसाने फळे लागलेली. शाळा सुटली होती. एक पोरगा तिची काडी वाकवून फुगे फुंकत होता. त्याला विचारले, याच्या बिया खातोस का रे? तो म्हणाला, "नाही जी, मॅडम म्हणते वकाऱ्या होतात." मग जरा थांबून म्हणाला, "पन गोड असतात."